चाळ, जिना आणि शारीरिक हालचाल: एका अभ्यासपद्धतीची चिकित्सा

गरीब वस्त्यांतील आरोग्याविषयी गेल्या तीन-चार दशकांत जे संशोधनपर लेखन झाले, त्यात ‘शारीरिक हालचाल’ या शब्दप्रयोगास एक मानाचे स्थान प्राप्त झाले आहे. मधुमेह, हृद्रोग, स्थूलता यांची चर्चा निघाली की हा शब्द येतो आणि त्याच्या पाठोपाठ ‘हालचालीचा अभाव’ हे निदानही येते. एखादा शब्द शास्त्रात इतका सहज वावरू लागला म्हणजे तो कोणती वस्तुस्थिती पुढे आणतो आणि कोणती दृष्टीआड करतो, हे तपासून पाहण्याची वेळ आली असे समजावे. प्रस्तुत लेखात ही तपासणी सार्वजनिक गृहवसाहतींत राहणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांविषयीच्या काही अभ्यासांपुरती मर्यादित ठेवली आहे. लेखकाचे म्हणणे आरंभीच सांगितलेले बरे. अशा वसाहतीतील रहिवाशाने दिवसाकाठी किती चालावे, किती पायऱ्या चढाव्यात, मोकळ्यावर केव्हा बसावे आणि केव्हा दार लावून घ्यावे, हे फार मोठ्या अंशी त्याच्या घराच्या बांधणीने व त्या घराची व्यवस्था पाहणाऱ्याने ठरविलेले असते. संशोधकाची प्रश्नावली मात्र या सर्वांचा जाब त्या रहिवाशाच्या इच्छाशक्तीकडे मागते.

या क्षेत्रातील सर्वमान्य व्याख्या कॅस्पर्सन, पॉवेल आणि क्रिस्टेन्सन यांनी १९८५ साली केली. स्नायूंच्या योगाने होणारी व शक्तीचा व्यय करणारी कोणतीही शरीरचेष्टा म्हणजे शारीरिक हालचाल; आणि तिच्यापैकी जी योजनापूर्वक, पुनःपुन्हा, शरीर सुदृढ राखण्याच्या हेतूने केली जाते तेवढाच व्यायाम, असा भेद त्यांनी केला. भेद स्वच्छ आहे आणि तो केल्याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. या व्याख्येप्रमाणे धुणे बडविणारी बाई, हातगाडी ओढणारा हमाल आणि सकाळी उद्यानात फेऱ्या मारणारे निवृत्त गृहस्थ हे तिघेही एकाच पंक्तीत बसतात. अडचण व्याख्येत नाही. ती मोजमापात सुरू होते.

जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी तयार केलेली प्रश्नावली १६ प्रश्नांची आहे. काम, ये-जा आणि फावला वेळ अशा तीन विभागांत हालचाल विचारली जाते, शिवाय बैठकीचा वेळ. घरकामाचा अंतर्भाव ‘काम’ या विभागात करावा अशी सूचनाही तीत आहे, हे टीकाकारांनी विसरू नये. परंतु तीच प्रश्नावली सलग किमान १० मिनिटे चाललेली हालचाल तेवढीच विचारते. आता कोणत्याही चाळीतील गृहिणीचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. पाणी भरणे, मधेच दूध उतू जाऊ नये म्हणून धावणे, मुलाला खाली सोडून वर येणे, जिन्यात शेजारणीशी दोन शब्द बोलणे, पुन्हा मोरीशी बसणे. यातील एकही गोष्ट १० मिनिटे सलग चालत नाही आणि सगळ्या मिळून ती संध्याकाळी गळून गेलेली असते. प्रश्नकर्त्याने विचारले तर ती स्वतःच सांगते की, ‘मी काही करीत नाही, घरीच असते.’ हे उत्तर कागदावर शून्य म्हणून उतरते. जागतिक संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत १० मिनिटांची अट काढून टाकली हे खरे. पण त्यापूर्वी जमविलेली आकडेवारी आजही उद्धृत केली जाते, आणि ती कोणत्या चाळणीतून गाळलेली आहे हे सांगण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक पाहणीतील २०१४ साली प्रसिद्ध झालेला निबंध हे याचे चांगले उदाहरण होय. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड येथील १४,२२७ व्यक्तींची ही पाहणी उपरोक्त प्रश्नावलीनेच झाली. त्यांपैकी ५४.४ टक्के लोक निष्क्रिय ठरले, आणि महाराष्ट्रातील ९१.३ टक्के लोकांनी फावल्या वेळात कोणतीही शारीरिक हालचाल करीत नसल्याचे सांगितले. पाहणी मोठी आहे, काळजीपूर्वक केलेली आहे, आणि तिने दिलेला इशारा खोटा नाही. शहरांतील नोकरदार वर्ग बसून राहू लागला आहे हे कोणीही डोळ्यांनी पाहू शकतो. तथापि ९१.३ हा आकडा जेव्हा सर्व वर्गांना सरसकट लावून ‘आपल्या लोकांना व्यायामाची आवड नाही’ असे अनुमान काढले जाते, तेव्हा ‘फावला वेळ’ ही वस्तू प्रत्येकाजवळ असते असे गृहीत धरले जाते. ज्याचा फावला वेळ लोकलच्या दोन प्रवासांच्या मधे संपतो, त्याला आवड-निवड विचारण्यात काय हशील? मराठीत पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकातील ‘उपास’ हा लेख सर्वांच्या परिचयाचा आहे. वजन उतरविण्याचा चाळकऱ्याचा तो खटाटोप आपणांस हसवितो, कारण तो चाळकरी पांढरपेशा आहे. गिरणीच्या साच्यावर पाळी करून आलेल्या माणसाला त्यातला विनोद समजावून सांगावा लागला असता.

येथे एक आक्षेप संभवतो. कष्टकऱ्याचे श्रम हाच त्याचा व्यायाम, मग तक्रार कशाची? या आक्षेपाचा इतिहास रंजक आहे. जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या वाहतूक कर्मचाऱ्यांविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यापासून हे शास्त्र सुरू झाले असे म्हटले तरी चालेल. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असतो. वाहक त्याच बसच्या जिन्याच्या शेकडो पायऱ्या चढतो-उतरतो. वाहकांत हृद्रोगाचे प्रमाण कमी आढळले, आणि झालाच तर तो कमी घातक आढळला. विशेष असे की, मॉरिस तेथेच थांबले नाहीत. १९५६ साली त्यांनी या कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली आणि चालक मंडळींचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा अधिक असल्याचे दाखवून दिले. म्हणजे नोकरीत शिरतानाच दोन वर्गांत काही फरक असावा, ही शंका त्यांनी स्वतःच उपस्थित केली. आपल्या निष्कर्षाविरुद्धचा पुरावा शिंप्याच्या मापांत शोधणारा हा शोधक आमच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावा.

पुढे मात्र चित्र गुंतागुंतीचे झाले. डेन्मार्कचे अँड्रियास होल्टरमन आणि त्यांचे सहकारी यांनी ज्याला हालचालीचा विरोधाभास म्हटले, तो असा: फावल्या वेळातील हालचाल हृदयास हितकर दिसते, परंतु पोटासाठी केलेले जड काम तसे हितकर दिसत नाही, काही पाहण्यांत तर ते अपायकारकच दिसते. कारणे ते देतात ती शरीरशास्त्रीय आहेत. कामावरचा श्रम तासन्‌तास चालतो, त्यात विसावा आपल्या हाती नसतो, ओझे उचलताना रक्तदाब चढलेला राहतो. या मतावर वाद आहेत. धूम्रपान, आहार, दारिद्र्य यांचा हिशेब पुरेसा झाला नाही असे आक्षेपक म्हणतात. पण आमच्या दृष्टीने त्यातला एक धागा मोलाचा आहे. हालचाल कोणाच्या स्वाधीन आहे, यावर तिचे फळ अवलंबून असू शकते. थांबावेसे वाटले तर थांबता येणे हा व्यायामाचा गुण आहे, आणि मजुरीत नेमका तोच नसतो. तेव्हा ‘श्रम हाच व्यायाम’ हे सुटसुटीत समीकरण गरिबांचा गौरव करण्याच्या भरात त्यांच्यावर अन्यायच करते.

सार्वजनिक गृहवसाहतींविषयी जे थेट संशोधन झाले, त्यांपैकी एक निबंध सविस्तर विचारात घेण्याजोगा आहे. गॅरी बेनेट आणि सहकारी यांनी २००७ साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील अल्प उत्पन्न गृहवसाहतींच्या १,१८० प्रौढ रहिवाशांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी स्मरणावर विसंबून न राहता रहिवाशांच्या कमरेला पेडोमीटर, म्हणजे पावले मोजणारे लहान यंत्र, लावले. सोबत त्यांनी विचारले ते एवढेच की, आपल्या वस्तीत दिवसा व रात्री एकट्याने चालणे सुरक्षित वाटते काय? रात्री असुरक्षित वाटते असे म्हणणाऱ्या स्त्रियांची दैनिक पावले सरासरीने ४,३०२ भरली; सुरक्षित वाटते म्हणणाऱ्या स्त्रियांची ५,१७८. पुरुषांच्या बाबतीत असा संबंध आढळला नाही.

या निबंधाचे मोल दुहेरी आहे. शब्दाऐवजी पाऊल मोजल्यामुळे ‘मी काही करीत नाही’ या उत्तराचा दोष टळला. आणि ज्या गोष्टीला आजवर आळस म्हटले जाई, तिचे एक कारण भीती आहे, तेही रात्रीची आणि स्त्रियांची, हे आकड्यांत आले. सुमारे ९०० पावलांचा हा फरक म्हणजे कित्येक मिनिटांचे चालणे. ते रोजचे आहे हे लक्षात घेतले की त्याचे वजन कळते. परंतु हा निबंध जेथे संपतो तेथे आमची हुरहुर सुरू होते. भीती ही रहिवाशाच्या मनात नोंदली गेली. ती निर्माण कोठे होते, याची नोंद नाही. कोणत्या जिन्यात दिवा नाही, कोणत्या आवारातून दिसेनासे होण्याइतकी मोठी पोकळी आहे, लिफ्टचे दार कोणत्या कोपऱ्यात उघडते, हे निबंधात नाही. ‘सुरक्षित वाटते का’ या प्रश्नाने इमारत पुन्हा एकदा रहिवाशाच्या भावनेत रूपांतरित होते, आणि भावना बदलणे हे कार्यकर्त्याचे काम ठरते, दिवा लावणे हे मालकाचे काम राहत नाही. आपल्याकडील पदव्युत्तर प्रबंधिकांच्या अखेरच्या प्रकरणात ‘रहिवाशांत जनजागृती करावी’ हे वाक्य जे हटकून येते, त्याचे मूळ याच रूपांतरात आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

माणूस तोच ठेवून त्याची वसाहत बदलली तर काय होते, हेही अमेरिकेतच पाहिले गेले. ‘मूव्हिंग टु ऑपॉर्च्युनिटी’ या नावाने १९९४ ते १९९८ या काळात बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यू यॉर्क या पाच शहरांतील सार्वजनिक गृहवसाहतींतील कुटुंबांना सोडत काढून कमी दारिद्र्याच्या भागात राहावयास जाण्याची संधी देण्यात आली. जेन्स लुडविग व सहकाऱ्यांनी २०११ साली यांतील ४,४९८ स्त्रियांविषयी निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहा-बारा वर्षांनंतर, ज्यांना ही संधी मिळाली त्या गटात अतिस्थूलतेचे प्रमाण ४.६१ टक्क्यांनी आणि मधुमेहदर्शक रक्तशर्करेचे प्रमाण ४.३१ टक्क्यांनी कमी आढळले. व्यायामाचा उपदेश कोणी केला नव्हता; पत्ता बदलला होता. हा बदल चालण्यामुळे झाला, आहारामुळे झाला की मनावरचा ताण उतरल्यामुळे झाला, हे मात्र त्या प्रयोगाने सांगितले नाही, आणि संशोधकांनीही तसा दावा केला नाही.

आता इमारतीकडे वळू. सेंट लुईस शहरातील प्रुइट-आयगो ही वसाहत समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. मिनोरू यामासाकी या वास्तुविशारदाने आखलेल्या ११ मजली ३३ इमारती. १९५४ पासून लोक राहावयास आले. १९७२ साली सुरुंग लावून पाडकामास आरंभ झाला आणि १९७६ पर्यंत सर्व जमीनदोस्त झाल्या. तेथे खर्च वाचविण्यासाठी लिफ्ट प्रत्येक मजल्यावर न थांबता पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावरच थांबे. मधल्या मजल्यांवरील रहिवाशांनी तेथे उतरून जिन्याने वर किंवा खाली जावे, अशी योजना. लिफ्ट थांबे त्या मजल्यांवर लांबरुंद गॅलऱ्या होत्या. तेथे मुले खेळतील, शेजारी भेटतील अशी आशा बाळगलेली होती. प्रत्यक्षात त्या गॅलऱ्या आणि ते जिने हीच वसाहतीतील सर्वांत भयप्रद स्थळे झाली. ली रेनवॉटर यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तेथील जीवनाचे जे वर्णन केले आहे, ते वाचल्यावर ‘जिने चढणे आरोग्यास हितकर’ हे वाक्य उच्चारताना जीभ अडखळते.

आणि तरीही तेच वाक्य पुन्हा उच्चारले गेले. न्यू यॉर्क शहराने २०१० साली हालचालीस उत्तेजन देणाऱ्या वास्तुरचनेची जी मार्गदर्शिका काढली, तीत मजले वगळून थांबणाऱ्या लिफ्टची शिफारस आढळते. अपंगांसाठी सर्व मजल्यांवर थांबणारी एक लिफ्ट राखून इतरांनी जिना वापरावा, असा तिचा आशय. साधन तेच. सेंट लुईसमध्ये ते काटकसर म्हणून आले, न्यू यॉर्कमध्ये आरोग्य म्हणून. एका ठिकाणी जिना अंधारा व बेवारशी, दुसऱ्या ठिकाणी प्रशस्त, प्रकाशित आणि झाडलेला. पायऱ्यांची संख्या मोजणाऱ्या संशोधकाला या दोहोंत फरक दिसणार नाही. चढणाऱ्या बाईला तो पहिल्या पायरीवरच कळेल.

यावर कोणी म्हणेल की लेखक सर्व दोष भिंतींच्या माथी मारीत आहे. कॅथरिन ब्रिस्टल यांनी १९९१ साली या धोक्याची जाणीव करून दिली आहे. प्रुइट-आयगोचे अपयश वास्तुशिल्पाच्या नावे लिहून टाकल्याने, देखभालीचा खर्च गरीब भाडेकरूंच्या भाड्यातूनच भागवावा हे धोरण, शहरातून उद्योग व वस्ती बाहेर जाणे, आणि वर्णभेद ही कारणे झाकली गेली, असे त्यांचे प्रतिपादन आहे, आणि ते मान्य करावे लागते. म्हणूनच वर ‘घराच्या बांधणीने व त्या घराची व्यवस्था पाहणाऱ्याने’ असे म्हटले आहे. जिना बांधणारा एकदाच येतो. जिन्यातील दिवा कोण बदलतो हा प्रश्न रोजचा आहे.

मुंबईत या प्रश्नाला आज एक निकड प्राप्त झाली आहे. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत स्थापन झालेल्या विकास खात्याने, म्हणजे ज्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘बीडीडी’ हे नाव रूढ झाले त्या खात्याने, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला व वर तीन मजले; मजल्यावर मधोमध लांब मार्गिका आणि दोहों बाजूंस मिळून २० खोल्या; म्हणजे एका चाळीत ८० खोल्या. खोली १६० चौरस फुटांची. शौचकूपे मजल्यावर सामायिक. गिरणी कामगार, पोलीस, सफाई कामगार यांच्या तीन-चार पिढ्या या खोल्यांत नांदल्या.

या बांधणीने रहिवाशांची हालचाल कशी आखली हे पाहण्यासारखे आहे. खोली इतकी लहान की तीत राहणे म्हणजे तिच्याबाहेर असणे. मुले मार्गिकेत, म्हातारी माणसे दाराशी किंवा जिन्याच्या तोंडाशी, पुरुष नाक्यावर आणि रात्री आवारात. शौचकूपापर्यंत जाणे हीदेखील रोजची, कितीतरी वेळा घडणारी चाल. चार मजल्यांची चाळ असल्यामुळे जिना हाच रस्ता, आणि तो सदैव माणसांनी भरलेला. वरळीला चाळींच्या मधोमध जांबोरी मैदान. तेथे कबड्डी, क्रिकेट, गोविंदा पथकांचे थर. वस्त्यांतील व्यायामशाळा आणि १९५३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाची केंद्रे यांनी या भागातील शरीरसंपदेस हातभार लावला. कोणत्याही प्रश्नावलीच्या ‘फावला वेळ’ या रकान्यात बसेल अशी हालचाल या वस्तीत होती, आणि ती कोणी उपदेश केल्यामुळे आलेली नव्हती.

पण येथे हात आखडता घेतला पाहिजे. मैदान होते ते बहुतांशी मुलग्यांचे आणि पुरुषांचे. रात्री सामायिक शौचकूपाकडे जाणाऱ्या मुलीची पावले ही आरोग्याची पावले नव्हेत. त्यांतील कित्येक ती टाळतच असे, पाणी कमी पिऊन. तिसऱ्या मजल्यावरून गुडघे धरून उतरणाऱ्या म्हातारीला चाळीच्या जिव्हाळ्याचे गोडवे ऐकवू नयेत. चाळीविषयीचे मराठी लेखन शेजारधर्माच्या आठवणींत रमते आणि मोरीच्या दगडावर बसून पाठ मोडलेल्या बाईला सहसा विचारीत नाही. तेव्हा ‘चाळीत लोक हालत होते, मनोऱ्यात बसून राहतील’ हा निष्कर्ष जितका सोपा तितकाच अविश्वसनीय मानावा.

चाळी जाऊन मनोरे येत आहेत, हे मात्र खरे. म्हाडामार्फत होणाऱ्या पुनर्विकासाचे भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झाले. १६० ऐवजी ५०० चौरस फुटांचे घर हे त्याचे आश्वासन. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना सुमारे ४० मजली इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शिवडीच्या चाळी बंदर प्राधिकरणाच्या जमिनीवर असल्याने या योजनेबाहेर राहिल्या. घरात स्वतंत्र शौचालय येणे ही, विशेषतः स्त्रियांच्या दृष्टीने, मोठी मुक्तता आहे; तिचे मोल कमी लेखणारा अभ्यास अप्रामाणिक ठरेल. परंतु जिना येथे रस्ता राहत नाही, तो आणीबाणीची वाट होतो. जमिनीशी येणारा संबंध लिफ्टच्या हाती जातो. आणि लिफ्ट चालविण्याचा खर्च कोणाच्या खिशातून, किती वर्षे, हा प्रुइट-आयगोचा प्रश्न मराठीत अवतरतो. उपनगरातील पुनर्वसन वसाहतींनी याची झलक दाखविलीच आहे. गोवंडी-मानखुर्द भागात इमारतींमधील अंतर कोठे कोठे अवघे ३ मीटर ठेवल्याने खालच्या मजल्यांवर उजेड-वारा पोहोचत नाही, आणि त्याचा क्षयरोगाशी संबंध दिसतो, हे २०१८ नंतर प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. तेथे संशोधकांनी इमारत मोजली, म्हणून इमारत दोषी असल्याचे कळले.

हालचालीच्या अभ्यासात हेच व्हावयास हवे. एकक व्यक्ती नव्हे तर मजला किंवा जिना धरावा. पावले यंत्राने मोजावीत, आणि प्रत्येक फेरी कशासाठी, ती टाळता आली असती काय, मधेच थांबता आले असते काय, हे रहिवाशाला विचारावे. म्हणजे सोसलेली हालचाल आणि स्वखुशीची हालचाल वेगळ्या रकान्यांत पडतील. लिफ्ट किती तास बंद होती, आवारातील दिवे कोणत्या तारखेस लागले, मैदानावर संध्याकाळी सहा वाजता किती मुली होत्या, याची नोंद रहिवाशाच्या वजनाशेजारीच व्हावी. ज्या कुटुंबांचे स्थलांतर अद्याप व्हावयाचे असेल, त्यांच्याबाबत चाळीतील नोंद चाळ उभी असतानाच घ्यावी लागेल. आणि जी मधल्या काळात संक्रमण शिबिरात राहतात, त्यांची नोंद तेथेही घ्यावी. ही मधली वर्षे कोणत्याच पाहणीत मोजली जात नाहीत, आणि एखाद्या मुलाचे सारे खेळण्याचे वय त्यांतच निघून जाते.